दर्शनबारीचे गणित
(भाविक व देणगीदार यांच्या माहितीसाठी)

तीर्थक्षेत्र म्हटले की देवालयाचे शिखर, दीपमाळ, घाट आणि प्रसादाची दुकाने यांच्याबरोबरच भाविकांची रांगही डोळ्यांपुढे उभी राहते. देवाच्या दारी राव आणि रंक एकाच ओळीत उभे राहतात, ही भावना या रांगेमागे आहे. तथापि रांग पुढे का सरकत नाही, शेजारची रांग आपल्या रांगेपेक्षा वेगाने का जाते, सकाळी थोडी असणारी गर्दी दुपारी एकाएकी का वाढते, असे प्रश्न प्रत्येक भाविकाच्या मनात केव्हा ना केव्हा येतात. या प्रश्नांना उत्तरे देणारे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत विकसित झाले आहे. त्यास ‘रांगेचा सिद्धान्त’ किंवा ‘क्युइंग थिअरी’ असे म्हणतात. भाविकांस त्याची ओळख व्हावी, तसेच देवस्थानास साहाय्य करणाऱ्या दात्यांस आपले द्रव्य कोठे अधिक उपयोगी पडेल याचा विचार करता यावा, या हेतूने त्यातील काही मुख्य गोष्टी येथे सोप्या भाषेत दिल्या आहेत.

शास्त्राचा उगम

या शास्त्राचा जन्म डेन्मार्कमध्ये झाला. आग्नेर क्रारूप अर्लांग (१८७८–१९२९) हे गणिताचे अभ्यासक १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. त्या काळी प्रत्येक दूरध्वनी केंद्रातील कर्मचारी हाताने जोडून देत असत. तारा किती असाव्यात आणि कर्मचारी किती नेमावेत, हा कंपनीपुढील प्रश्न होता. तारा कमी पडल्या तर ग्राहक ताटकळत राहत. जास्त घातल्या तर खर्च वाया जाई. ग्राहक कोणत्या क्षणी दूरध्वनी करील हे सांगता येत नसले, तरी पुष्कळ ग्राहकांचा एकत्रित विचार केल्यास त्यात गणिती नियमितता आढळते, हे अर्लांग यांनी १९०९ सालच्या निबंधात दाखविले. १९१७ साली त्यांनी प्रतीक्षेची सूत्रे प्रसिद्ध केली. दूरध्वनी वाहतूक मोजण्याच्या एककास आज त्यांचेच नाव आहे.

पुढे हेच गणित रेल्वेची तिकीट खिडकी, बँक, रुग्णालय, विमानतळ, संगणक अशा सर्व ठिकाणी लागू पडते असे दिसून आले. या शास्त्राच्या दृष्टीने प्रत्येक रांगेत तीन गोष्टी असतात : येणाऱ्यांचा ओघ, सेवेस लागणारा वेळ आणि सेवेचा क्रम. दूरध्वनी केंद्राच्या जागी गाभारा आणि ग्राहकाच्या जागी भाविक कल्पिला की दर्शनबारीचा विचार सुरू करता येतो. भक्तीचे मोजमाप हे शास्त्र करीत नाही. भक्ताच्या पायांना किती वेळ उभे राहावे लागेल, एवढेच ते सांगते.

आपली पाळी केव्हा येईल?

या शास्त्रातील अत्यंत उपयुक्त नियम अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९६१ साली तो सिद्ध केला. रांगेतील माणसांची सरासरी संख्या म्हणजे येणाऱ्यांचा दर गुणिले प्रत्येकाचा सरासरी प्रतीक्षाकाळ, असा तो नियम आहे. यातूनच भाविकास स्वतःपुरता एक सोपा हिशेब करता येतो : आपल्या पुढे असलेल्या माणसांच्या संख्येस दर मिनिटास दर्शन घेणाऱ्यांच्या संख्येने भागावे, येणारे उत्तर म्हणजे आपल्याला थांबावे लागणारी मिनिटे.

समजा, बारीत लोखंडी कठड्यांचे १२ पट्टे आहेत आणि एका पट्ट्यात सुमारे २५० माणसे मावतात. म्हणजे पुढे ३,००० माणसे आहेत. दर मिनिटास २५ जणांचे दर्शन होत असेल, तर १२० मिनिटे, म्हणजे दोन तास लागतील. रांग थांबत थांबत सरकते; म्हणून एकाच मिनिटावर विसंबून न राहता पाच-दहा मिनिटे एखाद्या खांबापुढून किती माणसे जातात ते मोजून सरासरी काढावी. वृद्ध आईवडिलांस किंवा लहान मुलांस बरोबर घेऊन बारीत शिरण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. औषधाची व जेवणाची वेळ सांभाळण्यास तो उपयोगी पडतो.

थोड्या गर्दीने मोठी रांग

गर्दी दुप्पट झाली तर थांबण्याचा वेळही दुप्पट होईल, अशी सर्वसामान्य समजूत असते. परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. अभिषेकाची पावती देणाऱ्या एका खिडकीचे उदाहरण घेऊ. एका पावतीस सरासरी दोन मिनिटे लागतात. म्हणजे खिडकीची क्षमता तासास ३० पावत्यांची आहे. भाविक आपापल्या सोयीने, कोणी आधी कोणी मागून, असे येत असतात आणि कोणाच्या पावतीस कमी तर कोणाच्या पावतीस अधिक वेळ लागतो. अशा स्थितीत शास्त्राप्रमाणे हिशेब पुढीलप्रमाणे येतो :

तासास १५ भाविक आले, तर प्रत्येकास सरासरी २ मिनिटे थांबावे लागते.
तासास २४ भाविक आले, तर ८ मिनिटे.
तासास २७ भाविक आले, तर १८ मिनिटे.
तासास २९ भाविक आले, तर ५८ मिनिटे.

२७ च्या जागी २९, म्हणजे तासात केवळ दोनच भाविक वाढले. पण प्रतीक्षा तिपटीहून अधिक झाली. याचे कारण असे की, मध्येच काही मिनिटे खिडकी रिकामी राहिली तर तो वेळ साठवून ठेवता येत नाही. मात्र एकदा साचलेली रांग उपसण्यास मोकळा वेळ लागतो आणि खिडकी जवळजवळ सतत गुंतलेली असेल तर तो मिळतच नाही. म्हणून सेवेकऱ्यांस कधी कधी हात रिकामे ठेवून बसलेले पाहिले, तर तो आळस समजू नये. ती थोडी सवड असल्यामुळेच रांग आटोक्यात राहते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय प्रत्येकास लागणारा वेळ सारखा करण्याचा. पावतीस प्रत्येक वेळी बरोबर दोनच मिनिटे लागली, तर वरील उदाहरणातील ८ मिनिटांची प्रतीक्षा ४ मिनिटांवर येते. गोत्र, नाव, पत्ता कागदावर आधीच लिहून आणावे आणि सुटे पैसे हाती ठेवावेत, अशी विनंती ठिकठिकाणी केलेली असते, तिच्यामागे हेच कारण आहे. दुसरा उपाय म्हणजे अनेक खिडक्यांसाठी एकच रांग लावण्याचा. दोन खिडक्यांपुढे दोन स्वतंत्र रांगा असतील आणि प्रत्येकीत तासास २४ भाविक येत असतील, तर प्रत्येकास सरासरी ८ मिनिटे थांबावे लागते. त्याच ४८ भाविकांची एक रांग करून जी खिडकी मोकळी होईल तेथे पुढच्या भाविकास पाठविले, तर ही प्रतीक्षा सुमारे साडेतीन मिनिटांवर येते. खिडकीही वाढली नाही, माणूसही वाढला नाही; केवळ रचना बदलली. एका रांगेजवळ कोणी रिकामा बसला आहे आणि दुसऱ्या रांगेत लोक ताटकळत आहेत, असा प्रकार एकत्र रांगेत घडत नाही.

शेजारची रांग वेगाने जाते या तक्रारीचे उत्तरही येथेच मिळते. तीन सारख्या रांगा असतील, तर आपलीच रांग सर्वांत जलद असण्याची शक्यता तीनांत एक एवढीच असते. तीनांपैकी दोन वेळा शेजारची कोणती तरी रांग पुढे जाणारच. त्यात नशिबाचा दोष नाही.

अर्ध्या सेकंदाचे मोल

आता प्रत्यक्ष दर्शनाचा विचार करू. समजा, एका गाभाऱ्यापुढून दर मिनिटास ३० भाविक जातात. म्हणजे एका भाविकास २ सेकंद मिळतात आणि तासाभरात १,८०० जणांचे दर्शन होते. उत्सवाच्या दिवशी सकाळी ८ ते १२ या वेळेत तासास २,४०० भाविक येतात आणि दुपारनंतर हा ओघ १,२०० वर उतरतो. सकाळी दर तासास ६०० माणसे बारीत साचत जातात. दुपारी १२ वाजता बारीत २,४०० माणसे असतात आणि शेवटच्या माणसास ८० मिनिटे थांबावे लागते. पुढे ओघ कमी झाला तरी साचलेली बारी संपण्यास दुपारचे ४ वाजतात. गर्दी येण्याची थांबली तरी रांग का संपत नाही, याचे हे उत्तर आहे.

याच उदाहरणात प्रत्येक भाविकाने केवळ अर्धा सेकंद अधिक घेतला, म्हणजे २ च्या जागी अडीच सेकंद लागले, तर काय होईल? तासास १,४४० जणांचेच दर्शन होईल. दुपारी १२ वाजता बारीत ३,८४० माणसे असतील आणि शेवटच्या माणसाची प्रतीक्षा १६० मिनिटे, म्हणजे बरोबर दुप्पट होईल. दुपारनंतर दर तासास केवळ २४० माणसे कमी होत जातील. त्या वेगाने ही बारी संपण्यास १६ तास, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाट लागेल. गाभाऱ्यात ‘पुढे चला, पुढे चला’ असे सांगणारा सेवेकरी कित्येकांस रुक्ष वाटतो. तो बाहेर उन्हात उभ्या असलेल्या, त्याला न दिसणाऱ्या भाविकांच्या वतीने बोलत असतो, हे ध्यानी घेतल्यास मनातील राग निवळेल. अर्थात सेवेकऱ्यानेही हे शब्द हात न लावता आणि गोड वाणीने बोलावेत, हे सांगणे न लगे.

दर्शन मध्येच थांबविल्याचा परिणामही असाच लांबवर जातो. मूळ उदाहरणात दुपारी १२ वाजता अर्धा तास दर्शन बंद राहिले, तर बारी ४ ऐवजी साडेपाच वाजता संपते. अर्ध्या तासाची किंमत दीड तास होते. नैवेद्य व आरती हे देवाचे नित्योपचार आहेत, ते व्हावयाचेच. मात्र त्यांच्या वेळा ठळक अक्षरांत आधी जाहीर केल्या म्हणजे भाविकांस त्याप्रमाणे येता येते.

पंढरपूरची परंपरा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. आषाढी यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढला जातो. म्हणजे शयनाचे उपचार थांबतात आणि दर्शन अहोरात्र खुले राहते. यात्रेनंतर प्रक्षाळपूजा होऊन नित्योपचार पूर्ववत सुरू होतात. भक्तांसाठी देव निद्रा सोडतो, हा त्यातील भाव. आणि सेवेचे तास वाढविणे, हे त्यातील शास्त्र. तरीही मिनिटास ३० या हिशेबाने अहोरात्र २४ तासांत ४३,२०० भाविकांचेच दर्शन होऊ शकेल. दहा लक्ष भाविकांस याच वेगाने दर्शन द्यावयाचे तर २३ दिवस लागतील. परंपरेने यावरही वाट काढून ठेवली आहे. पदस्पर्शाच्या दर्शनाबरोबर मुखदर्शनाची वेगळी रांग असते. आणि असंख्य वारकरी चंद्रभागेचे स्नान करून, नामदेव पायरीचे व कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततात. वारी पोहोचली, ही त्यांची धारणा असते. कोणत्याही गणितज्ञास यापेक्षा उत्तम उपाय सुचणे कठीण आहे.

स्वतंत्र प्रवेशद्वाराचा प्रश्न

काही भाविकांस आधी सोडावे काय, हा प्रश्न सर्वच देवस्थानांपुढे असतो. त्याविषयी शास्त्राचे म्हणणे स्पष्ट आहे. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ साली मांडलेल्या नियमानुसार, सेवेची क्षमता तीच असेल आणि प्रत्येकास लागणारा वेळ सारखाच असेल, तर क्रम बदलल्याने एकंदर प्रतीक्षा कमी होत नाही. ती केवळ एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ज्याचे पाच मिनिटे वाचले, त्याची पाच मिनिटे कोणी तरी दिलेली असतात.

प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडते. स्वतंत्र दाराने आलेल्यांस अधिक वेळ दिला जातो. समजा, अशा १५ जणांनी प्रत्येकी २० सेकंद घेतले, तर ५ मिनिटे झाली. तेवढ्या वेळात बारीतील १५० जणांचे दर्शन झाले असते. बारीत २,४०० माणसे उभी असतील, तर त्या प्रत्येकाची प्रतीक्षा ५ मिनिटांनी वाढते. सर्वांची मिळून १२,००० मिनिटे, म्हणजे २०० तास होतात. हे तास कोणत्याही जमाखर्चात लिहिले जात नाहीत. पण ते खर्च झालेले असतात.

म्हणून कोणासच आधी सोडू नये असा याचा अर्थ नव्हे. अपंग, अतिवृद्ध, गर्भवती, तान्ह्या मुलाची माता, आजारी मनुष्य यांना बारीतील प्रत्येक जण मनापासून वाट देतो. तेथे देणाऱ्याने दान राजीखुशीने दिलेले असते. दात्यांनी एवढेच मनात आणावे की, देणगी देवास अर्पण केली आणि बारीतील वेळ मात्र परस्पर दुसऱ्याचा घेतला, तर त्या देणगीचा काही भाग न विचारता शेजाऱ्याने भरला, असे होते. मोठी देणगी देऊनही सर्वांबरोबर उभे राहणारे दाते पुष्कळ असतात. त्यांचा आदर्श इतरांनी घ्यावा.

गती आणि सावली

बारीची गती तिच्यातील सर्वांत अरुंद जागेवर ठरते. गाभाऱ्याचे दार, बाहेर पडण्याची पायरी, तीर्थप्रसाद घेण्याची जागा, यांपैकी जेथे माणूस सर्वाधिक थांबतो, तीच संपूर्ण बारीची गती. ती जागा तशीच ठेवून मंडप दुप्पट मोठा केला, तर दुप्पट माणसे सावलीत बसतील. दर्शन मात्र लवकर होणार नाही. पुष्कळदा अडथळा प्रवेशापाशी नसून निर्गमनापाशी असतो. बाहेर पडलेले भाविक दाराशीच घोळक्याने उभे राहिले की आतील बारी थांबते.

महाप्रसादाच्या पंगतीलाही हाच न्याय लागू आहे. २०० पानांची पंगत अर्ध्या तासात उठते आणि पुढची बसेपर्यंत १० मिनिटे जातात, असे धरल्यास तासास ३०० जण जेवतात. पाने उचलणे व जागा पुसणे यांतील ५ मिनिटे वाचविली, तर त्याच जागेत तासास सुमारे ३४० जण जेवतील. पंगतीत वाढण्याइतकीच पाने उचलण्याची सेवाही पुण्यप्रद आहे, हे यावरून कळते.

याचा अर्थ मंडप निरुपयोगी असा नाही. थांबावयाचेच आहे तर ते बसून, सावलीत, पाणी पिऊन व्हावे, यात मोठी माणुसकी आहे. तिरुमला येथील वैकुंठम संकुलात भाविक दालनांमध्ये बसून आपल्या पाळीची वाट पाहतात. शिर्डी येथे २६ ऑक्टोबर २०२३ रोजी नव्या दर्शनरांग संकुलाचे उद्घाटन झाले. वेळ ठरवून दिलेले पासही याच विचारातून आले. त्यांच्यामुळे दर्शनाची क्षमता वाढत नाही. परंतु येणाऱ्यांचा ओघ दिवसभरात सारखा वाटला जातो आणि भाविकास बारीत उभे राहण्याऐवजी निवासात विश्रांती घेता येते.

मन आणि प्रतीक्षा

घड्याळातील वेळ आणि मनास जाणवणारा वेळ यांत अंतर असते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना काही गोष्टी नोंदविल्या आहेत. रिकामा वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो. किती थांबावयाचे हे ठाऊक नसेल तर तो अधिक मोठा वाटतो. विलंबाचे कारण न कळल्यास आणि अन्याय होत आहे असे वाटल्यास तो असह्य होतो. आणि एकट्याची प्रतीक्षा सोबतीच्या प्रतीक्षेहून लांब भासते. बारीत भजन, नामस्मरण, पोथीवाचन करण्याची आपली रीत या सर्वांस उत्तर देणारी आहे. दिंडीत चालणाऱ्यास मैलांचा हिशेब लागत नाही, तसेच नाम घेणाऱ्यास मिनिटांचा लागत नाही. मात्र ‘येथून दर्शनास अंदाजे दोन तास’ असे फलक लावणे आणि दर्शन थांबल्यास कारण ध्वनिक्षेपकावरून सांगणे, ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे.

शिस्त म्हणजे सुरक्षितता

येथवरचा विचार सोयीचा झाला. परंतु रांगेचा प्रश्न काही वेळा जिवाचा असतो. सातारा जिल्ह्यातील वाईजवळ मांढरदेव येथे २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. महाराष्ट्र हा दिवस विसरू शकत नाही.

गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी दाखविले आहे की, एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते. माणसाचे स्वतःच्या पायांवर नियंत्रण उरत नाही आणि मागून आलेला रेटा लाटेप्रमाणे पुढे सरकतो. अशा वेळी मृत्यू बहुधा तुडविले जाण्यापेक्षा श्वास कोंडल्यामुळे होतो. पुढे काय घडत आहे हे मागच्यांस दिसत नाही. त्यांना केवळ रांग थांबलेली दिसते आणि ते रेटतात. कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना अनर्थ घडतो तो असा. बारीतील लोखंडी कठडे, वळणे आणि टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धत ही या रेट्यास तोडण्यासाठी असते.

भाविकांसाठी सूचना

१. पुढील व्यक्तीपासून हातभर अंतर ठेवावे. चिकटून उभे राहिल्याने पाळी एक क्षणही लवकर येत नाही.
२. रांग थांबल्यास रेटू नये. पुढून ओरडण्याचा आवाज आल्यास थांबावे आणि मागच्यांस थांबण्यास सांगावे.
३. कठड्यांवरून किंवा खालून मध्येच शिरू नये.
४. ओटी, हार व दक्षिणा गाभाऱ्यापूर्वीच हाती काढून ठेवावीत.
५. दर्शनानंतर दारात न थांबता मोकळ्या जागेत यावे. बरोबरच्या मंडळींची वाट तेथे पाहावी.
६. लहान मुलांच्या खिशात नाव व संपर्काचा क्रमांक लिहून ठेवावा.
७. गर्दी फार असल्यास कळसाचे दर्शन घ्यावे. त्याने पुण्यात उणेपणा येत नाही.

देणगीदारांनीही आपले दान देताना निर्गमनाचा मार्ग रुंद करणे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, वृद्धांसाठी बाके, पंखे व प्रथमोपचार यांचा विचार करावा, ही विनंती. अशा कामांवर नावाची पाटी लहान बसते. परंतु बारीतील प्रत्येक माणसास त्यांचा लाभ रोज होतो.

गाभाऱ्यापुढील ते दोन सेकंद प्रत्येक भाविकाच्या वाट्यास सारखेच येतात. ते आपल्याला मिळावेत म्हणून पुढच्याने वेळेवर जागा सोडलेली असते, आणि तेच ऋण आपण मागच्यासाठी जागा सोडून फेडावयाचे असते.